कडीची मोहर

लष्कर, ग्वाल्हेर
४ डिसेंबर १९३२

चि. लक्ष्मीकांतास,

आशीर्वाद देते आहे, कारण मी मोठी आहे आणि ते माझं कामच आहे. त्यावरून माझा राग गेला असं समजू नकोस.

हे पत्र समेटाचं नाही, नुसती वर्दी आहे. तुझी भाची पद्मा हिचं लग्न ठरलं. मुलगा झाशीचा, रेल्वेच्या कचेरीत आहे, उंच आहे, आणि आपल्या पद्मासारखाच कारण नसताना हसतो. बघायला आला तेव्हा दोघं कशाला तरी हसत सुटली आणि पोहे तसेच राहिले. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि लग्न तिथेच ठरलं. देण्याघेण्याचं कोणी काही बोललंच नाही. मुहूर्त तेरा फेब्रुवारीचा, सकाळचा.

आता मामाशिवाय लग्न कसं लावायचं ते तूच सांग. गौरीहरापाशी बसलेल्या नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं मामाने, अंतरपाटापाशी तिच्या पाठीशी उभं राहायचं मामाने. तुला बोलावू नये असं माझं ठाम मत होतं. किला गेटचे नाना आहेत, चुलत चुलत का होईना, भाऊच. त्यांना विचारलं तर तात्काळ तयार झाले, आणि त्या आनंदात तपकिरीची चिमूट ओढून शिंकतच राहिले. मी घरी येऊन सांगितलं की मामाची सोय झाली. पद्मा म्हणाली, "आई, नाना मागे उभे राहिले तर मंगलाष्टकं ऐकू येतील का शिंका? मला माझा मामा पाहिजे. नहीं तो मैं गौरीहर से उठूँगी ही नहीं, बैठी रहूँगी." आणि ती तुझ्याच वळणाची आहे, बसून राहील. पोरीला खांद्यावर घेऊन किल्ला दाखवलास, पाढे शिकवलेस, आणि मग चार वर्षं पाठ फिरवलीस. त्याचं फळ मी भोगते आहे.

आईच्या तेराव्याला तू जे बोललास ते मला शब्द न् शब्द आठवतं. "अकरा तुला आणि एक मला. छान वाटणी झाली." अरे, वाटणी मी केली का? पणजोबांना दरबारातून बारा मोहरा मिळाल्या. पणजीने अकरांना कड्या लावून हार करवला, बारावी देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवली. हार मुलीला जायचा, डबीतली मोहर मुलाला, म्हणजे घरची लक्ष्मी घरातच राहायची. माझ्याआधी घरात मुलगीच झाली नाही, म्हणून हार सुनांच्या गळ्यात राहिला. आईने मरताना तेच सांगितलं. तू डबी उचललीस आणि पान वाढलेलं सोडून इंदूरची गाडी धरलीस. मी त्या दिवशी जे बोलले ते बरोबर बोलले, आजही तेच बोलेन.

पण लग्नाला ये. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ये. राजलक्ष्मीला आणि मुलांना घेऊन ये. गाडीचं वेळापत्रक सोबत आहे. ते ह्यांनी घातलं, मी सांगितलं नव्हतं.

तुझी बहीण,
अनसूया


२२ डिसेंबर १९३२

लक्ष्मीकांत,

कार्ड पोचलं. दीड ओळ. मास्तर माणसाने शाई इतकी जपून वापरू नये.

"अकरा मोहरांच्या धनीणबाईंना एका मोहरेच्या मास्तराची काय गरज?" हे वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, "वाक्य चांगलं जमलंय." तुम्हा पुरुषांचं एकमेकांवर फारच प्रेम.

तर आता ऐक. मी ठरवलं आहे की हाराची किंमत करवून घ्यायची आणि तुझा अर्धा वाटा तुझ्या पुढ्यात टाकायचा. साडेपाच मोहरा. एक मधोमध कापावी लागली तर कापू. मग तरी मांडवात येशील की नाही? सध्या भाव चढा आहे. बाविशीतलं सोनं तिशीला जाऊन टेकलं, आणि सगळं लष्कर दागिने मोडायला सराफ्यात उभं आहे. ज्या बायका कालपर्यंत नथ दाखवायला लग्नाला यायच्या त्या आता नथ विकून किती आले ते सांगायला येतात.

मीही गेले मिश्रीलालच्या दुकानी. त्याच्या बापाने आईच्या पाटल्या केल्या होत्या, तोच हा. त्याने हार हातात घेतला, एकेक मोहर उलटी करून कडीपाशी नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाला, "बाईसाहेब, टाँका काटके भाव लगेगा. सोना खरा है, टाँके में मिलावट है." म्हणजे कडी जिथे चिकटवली आहे तिथल्या डाखेत तांबं-चांदी असते, ती वजा. शिवाय आई, आजी आणि पणजी यांच्या गळ्यावर घासून घासून प्रत्येक मोहर थोडी उतरली आहे, ती घटही वजा. मी म्हटलं, "तीन बायकांनी अंगावर वागवलं म्हणून भाव कमी?" तर म्हणतो, "तराजू को क्या मालूम, किसने पहना." मला त्याचा राग आला.

तिथेच कळलं की नागपूरचे कोणी सदाशिवराव टोपी बाजारात उतरले आहेत. जुनी नाणी जमवायचा त्यांना नाद आहे. पसंत पडलं तर ते सोन्याच्या भावाच्या दसपट देतात म्हणे. मी तडक निरोप धाडला. पंधरवड्यात येणार आहेत.

त्यांच्यासाठी हार असा काही लखलखीत केला आहे की तू ओळखणार नाहीस. आधी रिठ्याच्या पाण्यात रात्रभर ठेवला, मग चिंचेने घासला, मग विटेची भुकटी कापडातून गाळून तिने चोळला. अक्षरांच्या खाचांत पणजीच्या काळचा मळ होता, तो टाचणीने कोरून काढला. आणि आणखी एक हुशारी केली. त्यांना नाणं पाहायचं आहे, दागिना नाही, म्हणून मधली मोठी मोहर मिश्रीलालकडून सोडवून घेतली, तिची कडी काढवली आणि कडेला कानस मारून गुळगुळीत करून आणली. नमुना म्हणून. हारात मधोमध फट दिसते आहे, पण किंमत झाल्यावर पुन्हा बसवता येईल.

पद्मा पाहत होती. म्हणाली, "आई, हे सगळं मामाला चिडवण्यासाठी करतेस का त्याला बोलावण्यासाठी?" मी तिला कणीक मळायला पाठवलं.

नानांनी मांडवात घालायला नवी पगडी बांधायला टाकली आहे. तुला कळावं म्हणून लिहिते.

अनसूया


८ जानेवारी १९३३

चि. लक्ष्मीकांत,

बस आधी. राजलक्ष्मीलाही जवळ बोलाव आणि तिच्यादेखत वाच, म्हणजे मी काही लपवलं असं पुढे कोणी म्हणणार नाही.

सदाशिवराव काल येऊन गेले. वयस्क गृहस्थ, धोतराचा सोगा खिशात, भिंग जानव्याला बांधलेलं. मी पाटावर लाल मखमल अंथरून वर हार ठेवला होता. उन्हात असा काही चमकत होता की ह्यांनी डोळ्यांवर हात धरला. सदाशिवरावांनी पाहिलं मात्र, आणि चुलीवर दूध उतू गेल्यावर आपण करतो तसं तोंड केलं.

"हे कोणी घासलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं, आता खोटं कशाला बोलू.

"कशाने?"

मी रिठे सांगितले, चिंच सांगितली. विटेची भुकटी सांगितली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

मग त्यांनी शांतपणे समजावलं, आणि माणूस खरंच समजावण्यासारखा आहे. म्हणाले, "वहिनी, नाण्याला कडी लागली की ते दागिना झालं. त्यात वाईट काही नाही, पण आमच्या कामाचं ते राहत नाही. कडी नेहमी वरच्या काठाला लावतात, आणि ह्या मोहरांवर साल वरच्या काठालाच आहे. तुमच्या अकराच्या अकरा मोहरांवर साल डाखेखाली गेलं. मग गळ्यावर घासून अक्षरं बसली. आणि जी थोडी उठून दिसत होती ती तुम्ही विटेने बसवलीत." त्यांनी ती सोडवलेली मोठी मोहर उचलली, कानस मारलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि मखमलीवर परत ठेवली. "ही तर बिचारी दोन्हीकडून गेली. कडी होती तोवर निदान दागिना तरी होती."

मला आधी रडू येईल असं वाटलं, पण हसू आलं. अरे, तीन दिवस घासत होते मी. बोटं अजून चिंचेने सोललेली आहेत. मी हसले तसे सदाशिवरावही हसले, हे तर आधीपासून तोंडावर उपरणं धरून बसले होते. पद्मा आतून ओरडली, "क्या हुआ, कितने मिले?" आणि आम्ही पुन्हा हसलो.

चहा झाला. ते उठायला लागले तेव्हा मी सहज विचारलं, "आणि कधीच कडी न लागलेली, हाताळलेलीही नाही अशी असती तर?"

ते पुन्हा बसले. "आहे का?"

मी सांगितलं. पणजोबांची बारावी, तीच टाकसाळ, तीच अक्षरं, रेशमाच्या चिंधीत गुंडाळून डबीत ठेवलेली. दिवाळीत फक्त हळदीकुंकू, तेही बोटाच्या टोकाने, कारण आई कोणाला हात लावू द्यायची नाही. माझ्या लहानपणी मी ती पाहिली होती, काठाला अक्षरांची बारीक ओळ सबंध होती. सदाशिवरावांनी विचारलं ती ओळ कशी होती, मी पाटावर पाण्याने बोटाने काढून दाखवली. फारसीचा ओ की ठो मला कळत नाही, पण दर दिवाळीला पाहिलेली ओळ विसरत नाही. ते म्हणाले, तसं असेल तर त्या एकीचे चारशे रुपये ते आज मोजतील. तुझा वर्षाचा पगार आहे तो, लक्ष्मीकांत. माझ्या अकरा मिळून तराजूत तीनशेही भरत नाहीत.

म्हणजे चार वर्षं तू ज्या वाटणीवर रुसून बसलास त्या वाटणीत जास्त तुलाच मिळालं. ह्यापुढे मला धनीणबाई म्हणायचं काम नाही. त्या आपण स्वतः.

ह्यांनी विचारलं, "कळवणार का त्याला?" मी म्हटलं, न कळवायला मी काय परकी आहे? सदाशिवरावांचा नागपूरचा पत्ता खाली लिहिते. विकायची तर वीक. गेल्या पावसात तुझ्या घराचं छप्पर गळत होतं, मुलं एका खोलीत निजत होती, हे मला इंदूरहून येणारे लोक सांगतात. मी विचारत नाही, ते आपणहून सांगतात. घरची लक्ष्मी विकली म्हणून मला राग येणार नाही. थोडा येईल, पण छप्पर झालं की जाईल.

एवढं मात्र पाळ. तिला घासू नकोस. धुऊ नकोस. सोनाराच्या हाती देऊ नकोस, आणि कडीबिडी तर मुळीच नको. सदाशिवराव म्हणाले की एक थेंब डाख पडली की ती चारशेची मोहर तुमच्या मोहरांच्या रांगेत येऊन बसते.

सोबत मुरेन्याच्या गजकेचा डबा आहे. संक्रांत जवळ आली, गजकेतही तीळ-गूळच असतो, पण हातावर ठेवायचा तिळगूळ मुद्दामच धाडला नाही. तो धाडला की गोड बोलावं लागतं, आणि तू अजून येतो म्हणून कळवलेलं नाहीस.

ये रे. आता तर रुसायला कारणही उरलं नाही.

तुझी,
अक्का


२७ जानेवारी १९३३

लक्ष्मीकांत,

तुझं उत्तर नाही. गजकेचा डबा पोचल्याची पावती टपालवाल्याने दिली, तू दिली नाहीस.

सदाशिवरावांचं मात्र पत्र आलं, ह्यांच्या नावाने. लिहितात की इंदूरच्या मास्तरांनी विचारणा केली आहे. मला वाटलं, चला, विकतो आहे, छप्पर होईल. पुढे वाचलं तर तू विचारलंस काय, तर कडी लावल्याने मोहरेची किंमत नेमकी किती उतरते, आणि कडी कुठल्या बाजूला असली तर साल झाकलं जात नाही.

म्हणजे अजून माझ्या अकरांचाच हिशोब चालला आहे. चारशेची मोहर हातात आली तरी तुला बहिणीच्या हारात किती कमी पडले हे पाहायचं आहे. एखाद्या मोहरेवर साल उघडं राहिलं असेल आणि अक्काने सांगितलं नसेल, असंच ना? मला फार लागलं हे. आईच्या तेराव्याला नव्हतं लागलं इतकं. तेव्हा तू रागावलेला होतास, आई गेली होती, कोणीही काहीही बोलतं. आता तर तू शांतपणे, पेन घेऊन, तिकीट लावून विचारलंस.

हे म्हणाले, "उगीच अर्थ काढू नकोस." मी म्हटलं, दुसरा अर्थ काढून दाखवा.

तुझी मी वाट पाहत नाही. नाना रोज संध्याकाळी येतात आणि पद्माला उठवून मांडवात कसं आणायचं ह्याची तालीम करतात. पद्मा उठत नाही. नाना हात धरून ओढतात, ती तिथेच बसून राहते, मग दोघं हसतात आणि मी दोघांना रागावते. पण नानांची पाठ वळली की पोर दाराकडे बघत बसते. काल विचारलं, "मामा सच में नहीं आएगा?" आणि मी तिला हळकुंडं निवडायला बसवलं. लग्नघरात नवरीने असं विचारावं, हे काही बरं नाही.

हार मिश्रीलालकडे ओवायला टाकला आहे. मधली फट तशीच राहणार. त्या कानशीच्या मोहरेला पुन्हा डाख धरत नाही म्हणतो, काठ फार पातळ झाला. दहा मोहरांचा हार घालून ती उभी राहील. कोणी विचारलं तर सांगेन की आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

बारा तारखेच्या पहाटेच्या गाडीला स्टेशनवर टांगा राहील. तो ह्यांनी ठरवला आहे, मी नाही.

अनसूया


१६ फेब्रुवारी १९३३

माझ्या लाडक्या, शहाण्या, वेड्या लक्ष्मीकांता,

तू काल गेलास आणि मी आज लिहायला बसले. घरात अजून झेंडूचे ढीग आहेत, जिलबीच्या पाकाला मुंग्या लागल्या आहेत, आणि हे मांडवाचे बांबू मोजत बसले आहेत. मला तुझ्याशी बोलायला चार दिवस मिळाले, पण नवरीच्या आईला चार दिवसांत चार क्षणही बसायला मिळत नाही. जे राहिलं ते लिहिते.

टांगा दाराशी आला तेव्हा मी माडीवरून पाहिलं, हे तुला माहीत नाही. आधी राजलक्ष्मी उतरली, मग मुलं, मग तू उलट्या पावली उतरलास, अंगात तोच जुना कोट. मी खाली धावत येणार नव्हते. जिना कसा उतरले ते आठवत नाही. समोर आले आणि पहिलं काय विचारलं, तर, "गजक मिळाली होती का?"

आणि तू म्हणालास, "मिळाली, अक्का. मुलांनी पोचवली पोटात."

त्यानंतर तू खिशातून रुमाल काढलास. मला वाटलं, डोळे पुसतोस. तू गाठ सोडलीस आणि मोहर माझ्या तळव्यावर ठेवलीस. डबीतली, पणजोबांची, चारशेची. तिला कडी लावलेली.

मी किंचाळले ते सबंध नई सडकेला ऐकू गेलं असेल. "अरे, काय केलंस हे? सोनाराच्या हाती देऊ नकोस म्हणून लिहिलं होतं ना?"

तू काय म्हणालास ते मी इथे लिहून ठेवते, कारण तू पुढे नाकारशील. तू म्हणालास, "अक्का, भांडण कशाचं होतं? तुझ्या आणि माझ्या मोहरांची किंमत सारखी नव्हती ह्याचंच ना? आता सारखी केली. आणि पोरीने फटीचा हार घालून उभं राहायचं का? मी काय मेलोय?"

मी म्हटलं, "छपराचं काय?" तर राजलक्ष्मी म्हणाली, "अक्का, छप्पर दिवाळीतच झालं. तुम्हाला बातम्या देणारे लोक जरा मागे आहेत." किती गोड बाई आहे रे ही. पण वर्षभराचा पगार असा सोनाराच्या फुंकणीत घालवलास, ह्याबद्दल मी तुला जन्मभर बोलणार आहे, आणि तू ऐकून घ्यायचं आहेस. माझ्या पत्रात जे जे करू नको म्हणून लिहिलं होतं त्यातलं घासणं तेवढं सोडलंस.

सदाशिवरावांचा प्रकार तू पाहिलास, पण शेवट तुला माहीत नाही. त्यांना आम्ही लग्नाला बोलावलं होतं, ते नागपूरहून मुद्दाम आले, आणि आदल्या संध्याकाळी मी ती मोहर त्यांच्यापुढे धरली. भिंग लावून पाहिली आणि तांदळाच्या पोत्यावर मटकन बसले. "मास्तर, अहो मास्तर," एवढंच म्हणत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की कडी खालच्या बाजूला आहे. साल उघडं आहे, ओळ सबंध आहे, एक अक्षर झाकलेलं नाही. ते मला म्हणाले, "वहिनी, विकत घेण्यासारखी ही आता राहिली नाही. पण वाचण्यासारखी आहे. मास्तरांनी मला पत्रात विचारलं ते ह्यासाठी होय." आणि त्यांनी तिथेच पोत्यावर बसून सगळी ओळ, बादशहाच्या नावापासून सालापर्यंत, वाचून दाखवली. आपल्या घरात शंभरावर वर्षं ती मोहर होती, पण कोणी वाचलेली नव्हती.

अर्थात आता ती हारात उलटी लटकते आहे. बाकीच्या सगळ्या सरळ आणि मधली बादशहाला डोक्यावर उभं करून. मिश्रीलालने ओवताना विचारलं, "बाईसाहेब, ये उल्टी है, सीधी कर दूँ?" मी म्हटलं, हात लावू नकोस. मांडवात अडीचशे माणसं होती आणि त्यातल्या एकट्या सदाशिवरावांनाच हे कळलं. ते दर वेळी पद्माकडे पाहून मान तिरकी करत होते. पद्माच्या सासूला वाटलं, त्यांच्या मानेला लचक भरली आहे. तिने तेल पाठवलं.

ती कानशीने पातळ झालेली मोहर मी राजलक्ष्मीच्या ओटीत घातली आहे. तुला सांगितलं नाही, तू नको म्हणाला असतास. तुझी डबी रिकामी ठेवायची नाही. नाणं म्हणून ती गेली, दागिना म्हणूनही गेली, पण लक्ष्मीपूजनाला काठ किती जाड आहे हे कोणी बघत नाही. हळदकुंकू बोटाच्या टोकाने वाहा. किंवा कसंही वाहा, तिचं आता आणखी काही बिघडायचं नाही.

नाना नाराज झाले नाहीत. पगडी घालून ते वराच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि तिथे शिंकले.

आता जे सांगायचं होतं ते सांगते. तू निघताना म्हणालास, "अक्का, पद्माच्या मागे उभा होतो तेव्हा तू कुठे दिसली नाहीस. अजून राग होता का?" गाडी सुटायची घाई होती, मी नुसती हसले. अरे वेड्या, लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईने पाहायचं नसतं. मंगलाष्टकं चालू असेपर्यंत तिने तुळशीला पाणी घालत राहायचं असतं. आपल्या आईनेही माझ्या लग्नात तेच केलं, पण तू तेव्हा लाडू शोधत होतास. मी मागच्या अंगणात होते. तू तिला हाताला धरून आणलंस ते मी पाहिलं नाही. ती पहिल्या हाकेला उठली की नाही, तेही पाहिलं नाही. शेजारच्या बायकांनी सांगितलं की तू वाकून "चल गं" एवढंच म्हणालास आणि ती हसत उठली.

मी भिंतीपलीकडून ऐकत होते. भटजींचा आवाज आला, मग दुसऱ्या कुणाचा, आणि मग तुझा. तुला मंगलाष्टक कधीच धड पाठ नव्हतं. दुसऱ्या ओळीला अडखळलास, तिथेच पुन्हा अडखळलास, लोक हसले, पद्माही हसली असणार, आणि मग तू आईच्या चालीवर घेतलंस आणि तसंच शेवटपर्यंत नेलंस. मला रडू येत होतं आणि मी हसत होते आणि पाणी घालत होते. तुळशीच्या आळ्यातून ओघळ निघाला, माझ्या पायांवरून गेला, शालूचा काठ भिजला. वाजंत्री सुरू झाली, टाळ्या झाल्या, कोणीतरी मला बोलवायला आलं आणि म्हणालं, "अहो अनसूयाबाई, हे काय करता?" मी खाली पाहिलं. लोटा केव्हाच रिकामा झाला होता आणि मी ओततच होते.

तुझीच,
अक्का